सासूबाईंची कुंडी फुलली त्याची हकीकत

प्रिय दादा,

मेहुण्याचा मनापासून नमस्कार. पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? वरच्या मजल्यावरचा तो बाजा वाजवणारा भाडेकरू अजून तिथेच आहे की गेला? (मागच्या पत्रात पाठीपेक्षा त्याचीच तक्रार मोठी होती, म्हणून विचारतो.) आम्ही सगळे मजेत आहोत. हे मी पत्रात लिहायची रीत म्हणून लिहीत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही खरोखरच मजेत आहोत, कारण आईंच्या हायड्रेंजियाला फुलं आली आहेत. एकदोन नव्हे, चांगले अकरा गेंद. त्यातला एक माझ्या डोक्याएवढा आहे, आणि केसांच्या बाबतीत त्याची परिस्थिती माझ्यापेक्षा पुष्कळच बरी आहे.

तुम्ही म्हणाल, एका कुंडीचं एवढं काय कौतुक! पण दादा, तुमचं जुनं घर विकलं तेव्हा तुम्ही सामानाच्या यादीत गुंतला होता, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. आईंनी तिथून दोन ट्रंका आणि ही कुंडी एवढंच आणलं. ट्रंका मागे ट्रकमध्ये टाकल्या आणि कुंडी मांडीवर घेऊन त्या पुढे चालकाशेजारी बसल्या. (चालकाला सगळ्या रस्ताभर डावीकडचा आरसा दिसला नाही. आम्ही सुखरूप पोचलो ते नशीब.) तिथे त्या झाडाला दरवर्षी निळे गेंद यायचे आणि येणारेजाणारे कुंपणाशी थांबायचे, हे तुमच्या बहिणीने मला लग्नापासून इतक्यांदा सांगितलंय की ते मीच पाहिल्यासारखं वाटतं. आणि इथे आमच्या मागच्या पायरीवर पहिल्या वर्षी एक फूल नाही. दुसऱ्या वर्षी नाही. आई रोज सकाळी तांब्या घेऊन जायच्या, पाणी घालायच्या, थोडा वेळ बघायच्या आणि आत यायच्या. तिसऱ्या वर्षीही काही आलं नाही, तेव्हा एकदा भाजी निवडता निवडता तुमच्या बहिणीला म्हणाल्या, "त्याला इथं रुचत नाही गं. एकेकाला जागा मानवत नाही." आम्ही दोघांनीही ऐकलं, आणि त्या झाडाबद्दल बोलत नव्हत्या हे दोघांनाही कळलं. त्यानंतर आठवड्याभरातच त्यांनी तुम्हाला फोन केला.

आता माझ्या बाजूने सांगायचं तर मी हात बांधून बसलो होतो असं मुळीच नाही. न्हाव्याच्या दुकानात सल्ल्याची कधीच टंचाई नसते. खुर्चीत बसलेल्या माणसाला मान हलवता येत नाही, त्यामुळे त्याची सगळी शक्ती जिभेत उतरते. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर येतात, शाळेत विज्ञान शिकवायचे. (चार केस आहेत, पण दर पंधरवड्याला त्यांची शिस्तीत कापणी होते.) ते म्हणाले, झाडाला लोखंड हवं. मी म्हटलं, आपल्याकडे लोखंडाला काय तोटा! वापरून झालेली पन्नासेक पाती कुंडीत पुरली. फुलं आली नाहीत. मात्र तुमची बहीण माती सैल करायला गेली आणि दोन बोटांना पट्ट्या बांधून आत आली. त्या दिवशी तिने माझ्याबद्दल जे उद्गार काढले, ते तिच्या माहेरच्या माणसाला लिहिण्यासारखे नाहीत. मग खेळाच्या मैदानावर हिरवळ राखणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी हिरवळीला घालतात ते खत दिलं. त्याने पानं हातरुमालाएवढी झाली, पण फूल नाही. मग कोणी म्हणालं, ऊन कमी पडतंय. मी कुंडीला चाकं बसवली आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावून ठेवून उन्हामागे कुंडी ढकलत फिरू लागलो. दुपारी झाड नापास झालेल्या मुलासारखी मान टाकायचं, मी घाबरून बादलीभर पाणी ओतायचो, संध्याकाळी ते ताठ व्हायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. (साबण वाळलेली दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली ती अजून परतलेली नाहीत.)

एक काम मात्र मी दरवर्षी कोणाच्याही सल्ल्याशिवाय, अगदी प्रेमाने करत होतो. थंडी सुरू झाली की पानं गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. एक लांब, एक आखूड, एक तिरकी. अठ्ठावीस वर्षं या धंद्यात आहे मी, दादा. विस्कटलेलं डोकं मला रस्त्यात दिसलं तरी हात शिवशिवतो. मग घरचंच झाड तसं कसं ठेवायचं? दर थंडीला मी त्याच्यापुढे स्टूल घ्यायचो, कंगवा आडवा धरायचो आणि छान गोल कापून द्यायचो. बाजूने बारीक, वर थोडे राखून. शेवटी मऊ ब्रशने कुंडीचा काठ झाडायचो. मागे होऊन बघितलं की समाधान वाटायचं.

गेल्या थंडीच्या तोंडाशी मात्र माझ्याच बादलीने माझा सूड घेतला. पायरीवर सांडलेल्या पाण्यावरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आणि दोन महिने दुकान बंद. तुम्हाला तेव्हा "किरकोळ मुरगळलंय" असं कळवलं होतं. खोटं होतं, माफ करा. दिवसभर मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचो आणि समोर ते झाड, झिंज्या वाढवून. मला बघवेना. तुमच्या बहिणीला म्हटलं, जरा कापून दे. ती म्हणाली, "तुमचं करू की त्याचं? एक कोणतं ते ठरवा." शेवटी एका दुपारी मी डाव्या हातात कात्री घेतली. भिंतीकडच्या तीन काड्या वाकड्यातिकड्या कापल्या, चौथीला कात्री निसटून पायाच्या अंगठ्यावर पडली आणि मी नाद सोडला.

मग ऊन वाढलं, पानं फुटली, आणि एका सकाळी आईंनी मागून हाक मारली. पानांच्या मधोमध हिरवट दाण्यांचा एक झुपका होता, मोहरीएवढ्या दाण्यांचा. शेजारी दुसरा. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून मोजत होतो. अकरा! फक्त भिंतीकडच्या तीन काड्यांवर, जिथे माझी कात्री लागली होती तिथे, काहीही नव्हतं.

कापलेल्या काडीचा तुकडा खिशात घालून मी रोपवाटिकेच्या बाईंकडे गेलो. त्यांनी काडी पाहिली, मला पाहिलं.

"थंडीत छाटता का हो?"

"दरवर्षी," मी म्हटलं. "छान गोल."

बाई उलट्या कुंडीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, या जातीच्या पुढच्या कळ्या जुन्या काडीच्या टोकाला थंडीआधीच बसलेल्या असतात. तुम्ही काड्या नाही, दरवर्षी फुलं कापत होतात." त्याला सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली आणि ओलसर माती लागते, कुंडीत तळं नको, खत बेताचं, आणि कात्री घरातच राहू द्या, एवढं सांगून त्यांनी मला परत पाठवलं. लाज वाटली हे खरं, पण दादा, त्याहून जास्त हायसं वाटलं. झाडाला जागा मानवत नव्हती असं नव्हतं. त्याला फक्त मी मानवत नव्हतो.

शेवटची धाकधूक रंगाची होती. गेंद उमलले ते निळे नाहीत, चक्क गुलाबी! मी तुरटी विरघळवून तयार ठेवली होती, कारण मास्तर म्हणाले होते की मातीत तुरटी घातली की निळं होतं. आईंनी ती बादली मोरीत ओतली. म्हणाल्या, "इथलं पाणी निराळं, माती निराळी. इथं राहायचं म्हणजे इथला रंग घेणारच की ते." आणि स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसल्या.

वहिनींना नमस्कार. पाठीला जपा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. वीस तारखेला तुम्ही आईंना न्यायला येणार आहात, खोली रंगवून घेतलीत, नवी गादीही आणलीत, हे मला माहीत आहे. तरी कृपा करून येऊ नका. म्हणजे या, चांगले आठ दिवस या, पण न्यायला नको. फोनवर 'मला ने' म्हटलेला शब्द स्वतःहून मागे घ्यायचा त्यांना संकोच वाटत असणार, म्हणून काहीतरी कारण तुमच्याच बाजूने काढा. त्या गेल्या तर घर फार गप्प होईल. (हे तुमच्या बहिणीला कळवू नका, ती वर्षभर चिडवेल.)

ता. क. दुसरा. कात्रीची भानगड आईंना ठाऊक नाही. मी त्यांना उन्हासाठी कुंडीची जागा बदलली म्हणून फुललं असं सांगितलंय. सांभाळून घ्या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच झाडावर एक पिवळं पान दिसलं. वरच्या खिशातली कात्री काढली आणि मागून आवाज आला, "अरे ठेव ती कात्री! तीन वर्षं बघतेय मी!" वळलो तर आई. मला इतकी वर्षं 'अहो जावईबापू' म्हणणाऱ्या! मी चाचरत म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "पाहुण्यानं घरच्या माणसाला कसं बोलायचं?" आणि तुम्हाला न येण्याबद्दल त्यांनी परवाच पत्र टाकलंय म्हणे, तेव्हा वरचा पहिला ता. क. वाया गेला आणि दुसरा तर गेलाच. मी धावत आत जाऊन तुमच्या बहिणीला सांगितलं की आई मला ओरडल्या. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? मला रोज ओरडते." आता माझाही रोजचा नंबर लागेल अशी आशा आहे.