फ्रिज, सुरी आणि मागचा जोड

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय फ्रिजदुरुस्ती (आता बंद), हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात कापतो म्हणून अक्षर असं आलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यातलं चौथं कलम चुकीचं होतं. का, ते पुढे येईलच.

कलम १. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. बँकेत जे उरलं असेल तेही तसंच. भांडायचं असेल तर आत्ताच भांडून घ्या, माझ्या देखत. मला तसंही आता फारसं ऐकू येत नाही.

कलम २. फ्रिज. हा मी लग्नानंतर चौथ्या वर्षी दोन मोडके फ्रिज जोडून स्वतः तयार केला. मुलगी गेली दहा वर्षं म्हणते आहे, "बाबा, आता भंगारात द्या हा. नवा घेऊ, बर्फ आपोआप वितळणारा." मी दरवेळी नाही म्हणालो. माझ्या हातचं काम आहे, एवढंच कारण होतं.

फ्रिज तेवीस वर्षांचा असताना एकदा थंड होईना. फ्रीजरच्या पत्र्यावर सुरीचा ओरखडा दिसला. बर्फ सुरीने खरवडला की पत्रा फुटतो आणि आतला गॅस जातो, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. ते माझ्याच घरात व्हावं, याची मला लाज वाटली. पत्नी म्हणाली, "अहो, मी वरवर खरवडलं फक्त. सुरी आत गेलीच नाही." मी म्हणालो, "मला शिकवू नकोस." ओरखड्यावर भेग बुजवायचं लुकण भरलं, गॅस भरला. दोनेक वर्षांनी गॅस पुन्हा गेला. पुन्हा भरला. असं सात-आठ वेळा झालं, आणि दरवेळी मी तिला ऐकवलं, की तुझी सुरी अजून फिरतेच आहे.

तिने फ्रीजरला परत कधी सुरी लावली नाही. फ्रिज बंद करून, दार उघडं टाकून, खाली फडकी अंथरून ती स्टुलावर बसून राहायची, बर्फ आपला आपण सुटेपर्यंत. कधी चार तास, कधी पाच. मी घरी असलो तर तिच्या बाजूने वळसा घालून पाणी प्यायला जायचो.

ती जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात फ्रिज पुन्हा बसला. माझ्याच्याने आता काम होत नाही, म्हणून मुलीने मला न विचारता लंबूला बोलावलं. लंबू म्हणजे माझ्या दुकानासमोरचा दुकानदार, तोही फ्रिजदुरुस्तीवाला. माझी गिऱ्हाइकं पळवली म्हणून पंधरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. मी मनात म्हटलं, हा नवाच घ्यायला सांगणार.

त्याने लुकण खरवडून काढलं, थोडा गॅस सोडला, ओरखड्याला साबणाचा फेस लावला आणि थांबला. एकही बुडबुडा नाही. मग मागच्या नळ्यांच्या एकेका जोडाला फेस लावत गेला. कॉम्प्रेसरजवळच्या जोडातून बुडबुडे आले. तो जोड मी घातलेला, फ्रिज बनवला तेव्हाचा. लंबू हळूच म्हणाला, "मिस्त्री, सुरी आत गेलीच नाहीये हो."

गिऱ्हाइकाकडे मी प्रत्येक जोडाला फेस लावायचो. घरी एकदाही लावला नाही. ओरखडा समोर दिसत होता ना.

त्या वेळी मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. लंबूला चहा विचारला, त्याच्याबरोबर मीही घेतला. अजूनही काही होत नाही. बधिर झालेल्या पायासारखं झालं आहे. चूक माझी होती आणि मी तिला सतरा वर्षं बोललो, हे मला कळतं, एवढंच.

तर निर्णय असा. नवा घेऊ नये. लंबूने जोड नवा घालून गॅस भरला आहे. आता पुन्हा गॅस न भरता हा फ्रिज जितकी वर्षं चालेल तितकी चालू द्यावा. आल्यागेल्याने विचारलं, एवढा जुना का ठेवलाय, तर वर लिहिलेलं सगळं सांगावं, गाळू नये. तो कायमचा बंद पडला की मुलीने हवा तो नवा घ्यावा.

कलम ३. सुरी. ही मी तेव्हाच घरातून उचलून दुकानात खिळ्याला टांगली होती. गिऱ्हाइकांना दाखवायचो, "हिनेच आमच्या घरचा फ्रिज मारला." लोक हसायचे. पत्नी रोज दुपारी डबा घेऊन यायची. सुरी तिच्या डोक्याच्या बरोबर वर यायची. तिने ती उतरवायला कधी सांगितलं नाही. मागच्या मृत्युपत्राच्या चौथ्या कलमात मी लिहिलं होतं, की सुरी तिथेच राहावी. आता मी ती उतरवली, धार लावून आणली आणि स्वयंपाकघरात पत्नीच्या खणात ठेवली आहे. ती मुलीने वापरावी.

कलम ४. दुकान आणि सगळी हत्यारं लंबूला, एका अटीवर. त्याच खिळ्याला माझा कापून काढलेला जुना जोड टांगला आहे, तो काढायचा नाही. खाली पाटी आहे: "हा मिस्त्रीचा." गिऱ्हाईक हसलं तर हसू द्यावं.

लिहून देणार: फ्रिजमिस्त्री (सही)
ठिकाण: राहतं घर. दिनांक: ९ ऑक्टोबर, सकाळी.

साक्षीदार १: मुलीची शेजारीण, शिक्षिका. वरील सही माझ्यासमक्ष झाली. (सही)

साक्षीदार २: समोरचा दुकानदार, ऊर्फ लंबू. वरील सही माझ्यासमक्ष झाली. तसेच मिस्त्रींच्या सांगण्यावरून लिहून देतो, की फ्रीजरचा पत्रा मी स्वतः तपासला असून सुरीच्या खुणेतून गळती नव्हती. वहिनी सांगत होत्या ते खरं होतं. (सही)