दलदलीपलीकडची लेक

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. मी अगदी मजेत आहे, फक्त कानातला चिखल अजून निघतोय.

दवाखान्याची आठ चाकांची गाडी मी चालवतो, हे तुला ठाऊकच आहे. पाण्यात ती बदकासारखी तरंगते, पण दलदलीत चाकं नुसती जागच्या जागी गरगरतात. म्हणून परवा चाकांवरून रबरी पट्टे चढवले आणि नर्सबाईंना घेऊन पलीकडच्या वस्तीवर निघालो. तिथे एक बाई अडली होती.

काठावर चढताना मी घाईत वळलो आणि डावा पट्टा निसटला. मी कमरेएवढ्या चिखलात उतरून पट्टा ओढू लागलो आणि नर्सबाई गाडी हळूहळू पुढे घेऊ लागल्या.

"ओढ की रे! बाळ काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" त्या ओरडल्या.

पट्टा बसला एकदाचा. आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली आणि अशी रडली की इंजिनाने लाजावं! मायलेकी सुखरूप आहेत.

तुझे पाय अजून सुजतात का? दुखू लागलं की अंगावर काढू नकोस, भावोजींना लगेच हाक मार. तुझ्या दारापर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे, तरी तिथेही एक पट्ट्यांची गाडी उभी असावी, असं मला सारखं वाटतं.

मामा व्हायला उतावीळ झालेला,
तुझा धाकटा