बारा खुर्च्यांचं टेबल विकणे आहे

१ फेब्रुवारी, रविवार
आज निर्णय पक्का. जेवणाचं टेबल विकायचं. मी स्वतः विकणार, ऑनलाइन, कोणाची मदत न घेता. (अ‍ॅप लेकीने फोनवर टाकून दिलं, तेवढंच.)
कारण साधं आहे. २८ तारखेला आम्ही तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जातोय. यांच्या गुडघ्याला आता तीन जिने झेपत नाहीत. नव्या हॉलमध्ये एक तर टेबल मावेल, नाही तर यांची पाय वर करून बसायची आरामखुर्ची. लेकीने टेप लावून मापं घेतली. डॉक्टर म्हणालेत, पाय वरच हवा. म्हणजे टेबल जाणार. यात भावनेचा प्रश्नच नाही.
तीन दिवसांत विकून दाखवते असं यांना सांगितलं. हे म्हणाले, महिना घे. माझ्यावर इतका कमी विश्वास.

२ फेब्रुवारी, सकाळी १०
लेक म्हणाली होती, आई, दोनच ओळी लिही, लाकूड आणि मापं. पण चाळीस वर्षं ज्या टेबलावर जेवलो त्याचं दोन ओळींत काय सांगणार? चार परिच्छेद लिहिले. अ‍ॅपने एवढं एकदम घेतलं नाही, म्हणून तीन तुकड्यांत टाकले. दुसरा तुकडा चुकून ‘पाळीव प्राणी’ या सदरात गेला. त्यात ‘वय चाळीस, पायांनी भक्कम, घरातल्या सगळ्या मुलांना अंगाखांद्यावर खेळवलेलं’ असं होतं.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
सव्वीस चौकश्या. त्यातल्या पाच पाळीव प्राण्यांकडून आलेल्या. एकीने विचारलं की लस टोचली आहे का. तिला सविस्तर खुलासा केला.
बाकी एकवीसपैकी एकोणीस जणांनी फक्त ‘अव्हेलेबल?’ एवढंच लिहिलंय. नमस्कार नाही, नाव नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, आलेल्या प्रत्येक पत्राला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. एकोणीस जणांना स्वतंत्र उत्तरं लिहिली. प्रत्येकाला लाकूड सागवानी असल्याचं, मधली फळी घातली की आठाचे बारा बसतात हे, आणि प्रकृतीची विचारपूस.
उलट उत्तर एकाचंही नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
लोकांना कामधंदे नाहीत. एकाने विचारलं, यावर टेबल टेनिस खेळता येईल का. नाही म्हटलं. मग म्हणतो, जाळी बांधून बघा ना. बांधायला जाळी नव्हती म्हणून ओढणी बांधली. चेंडू चांगला उसळतो. तसं त्याला कळवलं, तर म्हणे, छान, माझ्याकडे टेबल आहेच, सहज विचारलं.
दुसऱ्याला बारापैकी एकच खुर्ची हवी. तिसरा टेबलाच्या बदल्यात काचेची टाकी देतोय, माशांसकट. चौथ्याने आल्या आल्या लास्ट किती म्हणून विचारलं. मी लिहिलं, आधी फर्स्ट तर विचारा. त्याने अंगठा पाठवला. हा होकार, नकार की अपमान, ते लेकीला विचारायचं.
या सगळ्यात दुपारचं जेवण राहिलं. हे आरामखुर्चीत बसून ताट मांडीवर घेऊन जेवले. कोणी वाढलं कोण जाणे.

५ फेब्रुवारी
ठरलं. यापुढे टाइमपास करणाऱ्यांना थारा नाही. धंदा म्हणजे धंदा. अकरा प्रश्नांचा एक तक्ता केला. जो विचारेल त्याला तो जाणार, खरं गिऱ्हाईक असेल ते भरेल. घरात माणसं किती? रात्री सगळे एकत्र जेवतात का? जेवताना टीव्ही चालू असतो का? गरम भांडं थेट लाकडावर ठेवायची सवय आहे का? एखादा पाहुणा वेळेवर न आल्यास त्याच्यासाठी थांबता का?
यांना वाचून दाखवला. म्हणाले, टेबल विकतेयस की पोरीला स्थळ बघतेयस? मी दुर्लक्ष केलं. धंद्यातलं यांना काय कळतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार
तक्ता चाळीस जणांना गेला. उत्तर एकच आलं. भाऊ, झेपत नसेल तर विकू नको. मला भाऊ!
दुपारी एक उद्धट माणूस. लिहितो, रेट मान्य. पत्ता द्या, आज उचलतो. बस्स. मी पत्ता दिला, सोबत तक्ता पाठवला. पहिल्या प्रश्नाला उत्तर, तीस. एका घरात तीस माणसं? सरळ थट्टा. एकत्र जेवतात का, तर म्हणे शिफ्टने. मग त्याने फोनच केला. कुठल्या तरी वर्कशॉपचं कँटीन चालवतो म्हणाला, टेम्पो खाली उभा केलाय, दोन माणसं वर पाठवू का. मी शांतपणे सांगितलं की अनोळखी बाईशी बोलताना आधी नमस्कार म्हणतात. तो म्हणाला, नमस्कार, मावशी, पाठवू का? तो सूर मला आवडला नाही. ब्लॉक केलं.
हे खिडकीत उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. म्हणाले, टेम्पो खरंच होता, आत्ता गेला. म्हटलं, पाय दुखत असताना उभं कशाला राहायचं?
असेच लोक वेळ खातात.

९ फेब्रुवारी
अखेर एक सुसंस्कृत गिऱ्हाईक! मायना ‘आदरणीय महोदया’. पूर्ण वाक्यं, जागच्या जागी पूर्णविराम. हे गृहस्थ निवृत्त आहेत, जाहिरात तीनदा वाचली म्हणतात. तक्ता भरला, शिवाय दोन पुरवण्या जोडल्या. मी त्यांचं नाव ‘सज्जन’ ठेवलंय.
त्यांना जाणून घ्यायचंय की पॉलिश कधी केलं होतं, आणि किंमत ठरवताना मी काय काय विचारात घेतलं. खऱ्या माणसाची पारख अशी होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सज्जनांचे आजवर सतरा प्रश्न झाले. फोटो कुठल्या उजेडात काढला? जाहिरात सकाळी टाकली की संध्याकाळी? कुठल्या वाक्यावर लोक जास्त विचारतात? किती बारकाई! सगळं मोकळेपणाने सांगितलं. कडेला एका ओळीत बारीक टोचे आहेत, ते लेक पाच वर्षांची असताना तिने काट्याने केलेले, हेही सांगितलं. तिला शिक्षा करायला गेले तर हे म्हणाले होते, राहू दे, तिची उंची दारावर लिहितो तसं हे तिचं अक्षर. सज्जनांनी लिहिलं, वाचून डोळे पाणावले.
आज आणखी चौघांनी विचारलं. बोलणी सुरू आहेत असं कळवून टाकलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
नवरा-बायको बघायला आली होती. नुकताच संसार मांडलाय, माणसं लाघवी. कॉफी केली. टेबलाच्या डाव्या बाजूपासून सुरुवात केली. हा डाग शाईचा, हा गोल गरम पातेल्याचा, त्या दिवशी माझी जाऊ आणि मी जवळजवळ भांडलो होतो. इथे यांचे वडील बसायचे, मुलांच्या ताटातलं नको असलेलं हळूच स्वतःच्या ताटात घ्यायचे. दोन तास कसे गेले कळलं नाही. मुलगी मन लावून ऐकत होती. मुलगा घड्याळ बघत होता.
शेवटी ती म्हणाली, आवडलं, काकू, आजच नेतो. घासून पांढरा रंग देऊ, एकदम नवं दिसेल.
टेबल रिझर्व्ह असल्याचं माझ्या तेव्हाच लक्षात आलं. ती गेल्यावर हे म्हणाले, कोणासाठी रिझर्व्ह? सज्जनांसाठी, म्हटलं. म्हणाले, त्यांनी आपला पत्ता विचारलाय का? नाही विचारलेला. पत्ता विचारणं हे उतावळेपणाचं लक्षण आहे.

१७ फेब्रुवारी
अ‍ॅपवर माझ्या नावाखाली शेरा आलाय, एक तारा. ‘नुसता टाइमपास. विकायचंच नाहीये.’ असाच शेरा दुसऱ्याही एकाने दिलाय. कोणा दुसऱ्या विक्रेत्याचे शेरे चुकून माझ्या खात्यावर पडलेत. कंपनीला कळवलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
लेकीचा फोन. आठ दिवस राहिले, आई, काय झालं? म्हटलं, लोक फार वेळ घालवतात गं. ती म्हणाली, आई, ऐक, रागावू नकोस, लोक तुझा वेळ घालवत नाहीयेत, तूच... एवढ्यात रेंज गेली. माझाच अंगठा बटणावर पडला असावा.
हे हल्ली दिवसभर आरामखुर्चीतच असतात. पेपर वाचून झाला तरी उठत नाहीत. मी म्हटलं, ती खुर्ची कुठे पळून जात नाहीये. यांनी पेपर पुन्हा पहिल्या पानापासून घेतला.

२३ फेब्रुवारी, सोमवार
सज्जनांचं चार दिवस पत्र नाही. मी तीनदा लिहिलं. बरं नसेल का? या वयात माणूस एकटा असेल तर कोण बघणार? शेवटी मोठं काही लिहायचा धीर झाला नाही. ‘आहात का?’ एवढंच लिहिलं.

२५ फेब्रुवारी, दुपारी
सज्जनांचं पत्र आलं. सुखरूप आहेत. जसंच्या तसं उतरवायचा कंटाळा आहे, सारांश असा.
त्यांच्याकडेही असंच एक जुनं टेबल होतं. तेही विकायचं होतं. ऑनलाइन कसं विकतात याचा अंदाज येत नव्हता, म्हणून माझं मार्गदर्शन घेतलं. मी सांगितल्याप्रमाणे सकाळच्या उजेडात फोटो काढले आणि वर्णनही माझंच थोडं फिरवून वापरलं. काट्याच्या टोच्यांचा भाग घेतला, फक्त मुलीच्या जागी मुलगा केला. टेबल पहिल्याच दिवशी गेलं. एक कँटीनवाले टेम्पो घेऊन आले होते. माणूस फार दिलदार, म्हणे. त्यांनी सांगितलं की आधी एका बाईंनी त्यांना अकरा मार्कांचा पेपर दिला होता, त्यात ते नापास झाले. दोघे मिळून खूप हसले.
खाली लिहिलंय, आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल दिलगीर आहे. पूर्णविराम जागच्या जागी.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
यांच्याकडून ब्लॉक काढून घेतला. कँटीनवाल्यांना पत्र लिहिलं. आधी क्षमा, मग खुलासा, मग टेबल अजून आहे. पाच मिनिटांत उत्तर आलं. नमस्कार मावशी. आता एक टेबल मिळालं, बाकी सुताराकडून बाकं करून घेतली. आता पोरं शिफ्टने जेवत नाहीत, एकदम बसतात. राग नाही.
नमस्कार आधी लिहिलं होतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळपासून मी पाळीव प्राण्यांनासुद्धा विचारलं. पांढऱ्या रंगवालीलाही विचारलं, रंग चालेल म्हणून. तिने काचेचं घेतलंय. भंगारवाला म्हणाला, पाय कापून नेतो. त्याला मी खाली पाठवलं.
चार वाजता हे म्हणाले, फोन दे जरा. आरामखुर्चीतून उठले, तिचा एक फोटो काढला आणि दोनच शब्द लिहिले. खुर्ची. चांगली.
मी म्हटलं, असं कधी काही विकलं जातं का? सोळाव्या मिनिटाला बेल वाजली. एक जण वडिलांसाठी न्यायला आला होता. यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, पाय वर घ्यायची कळ उजवीकडे आहे. दोघांनी मिळून ती जिन्यातून उतरवली, म्हणजे त्याने उतरवली आणि हे कठड्याला धरून बघत राहिले.
मी म्हटलं, अहो, मी उद्यापर्यंत विकलं असतं. हे म्हणाले, माहीत आहे. आणि खुर्ची होती तिथे भिंतीला टेकून उभे राहिले.

२८ फेब्रुवारी, शनिवार
नवं घर. टेबल आलं. हॉलचं दार अर्धं उघडतं, माणसाने आडवं होऊन आत यायचं. चारही बाजूंनी खुर्च्या भिंतीला लागल्यात. एकदा बसलं की जेवण होईपर्यंत बसायचं.
हे त्या टोकाला, कारण तिथून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवता येतो. मी या टोकाला, स्वयंपाकघराजवळ. दोन खुर्च्या बदलून बघितल्या त्यांनी, उशी घेऊन, उशी काढून. मग म्हणाले, बारांत एकही बसण्यासारखी नाही गं. तक्रार अशी नाही, सहज म्हणाले.
मी सांगितलं की ताठ बसणं गुडघ्याला उलट चांगलं. कुठेतरी वाचलंय. आणि उद्यापासून पुन्हा जाहिरात टाकणार आहे, दोनच शब्दांची.
जेवताना त्यांनी मीठ मागितलं. हात पोचेना, बाजूने जायला वाट नाही. शेवटी मीच मिठाची वाटी हातात धरून टेबलाखालून गेले, या वयात. तिथून त्यांचा गुडघा अगदी जवळून दिसला. डावा उजव्याच्या दुप्पट झालाय. कधी झाला? महिनाभर याच घरात, म्हणजे त्या घरात, मी समोरच तर होते. लोकांनी माझा सगळा वेळ खाल्ला, असं इथे लिहायला घेतलं होतं.
खाली जरा वेळ बसले. वरून यांनी विचारलं, सापडली का वाट?