बोलावणं येईपर्यंत

उपसाला, १८ सप्टेंबर १९४४

चि. आर्विद यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या बुडापेस्टच्या वकिलातीच्या टपालथैलीतून तुझं पत्र पोचलं. बुडापेस्टमध्ये बॉम्ब पडताहेत आणि तू मला विजारीला इस्त्री नीट होत नाही म्हणून लिहितोस! धन्य आहे तुझी. इकडे मी बरी आहे. कॉफी शिधापत्रिकेवरच मिळते, सफरचंदं मात्र भरपूर झाली.

आता एक काम सांगते, ते टाळू नकोस. आपल्या पिरोश्काला शोध. मागच्या लढाईनंतर हंगेरीतली उपाशी पोरं आपल्याकडे आणली, तेव्हा ती आपल्या घरी आली आणि दोन हिवाळे स्वयंपाकघरातल्या बाकावर निजली. तू लहान होतास, पण मास्तरांच्या दारातली गंमत विसरला नसशील. आतून हाक आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही बाबांची शिस्त. मास्तरांना घंटा ऐकू आली नव्हती आणि तू बर्फात कुडकुडत उभा. शेवटी पिरोश्कानेच तुला कान धरून आत नेलं होतं.

ती तिथे बायकांच्या टोप्या शिवते. नवऱ्याला सक्तमजुरीवर नेलं, तो परतला नाही. वसंतापासून तिचं पत्र नाही. ती ज्यू आहे, आणि तिथल्या ज्यूंचं काय चाललंय ते मी रोज वर्तमानपत्रात वाचते. आपला स्वीडन लढाईत नाही, तर त्याचा तिला काही उपयोग होऊ दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझी आठवण येते तेवढीच पिरोश्काचीही येऊ दे.

तुझी,
सिग्नेताई

बुडापेस्ट, ८ ऑक्टोबर १९४४

ती. ताईस सा. न. वि. वि.

सापडली! फाटकावर पिवळा तारा ठोकलेल्या घरात, एका बिऱ्हाडात चार कुटुंबं, त्यांत ती. मी घंटा वाजवून उभा राहिलो. दार उघडून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्या उपसालाच्या हेलात म्हणाली की, धाकट्या, अजून बाहेरच उभा राहतोस होय रे! मग खरोखर कान धरला. अंगावर माझा दौऱ्याचा काळा कोट, आणि जिन्यात सगळी मंडळी बघताहेत!

तिने अलुबुखारचा मुरंबा लावून पाव दिला. तो तिच्या वाटचा होता, हे मला खाऊन झाल्यावर कळलं.

आपल्या देशाशी नातं असलेल्यांना आम्ही संरक्षणाचा दाखला देतो. पिरोश्काचं रक्ताचं नातं नाही, धंद्याचं नाही. दोन हिवाळे पोसलं, हे नात्यात बसतं का? आमचे साहेब म्हणाले, बसव आणि तुझी सही कर. पण उद्या कुणी बोट दाखवलं तर इतरांचे दाखलेही संशयात येतील. म्हणून मी स्टॉकहोमला रीतसर विचारलंय. तोवर काही झालं तर मी स्वतः येईन, असा तिला शब्द दिला. ती म्हणाली की, तू येणार ना, मग झालं.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
आर्विद

उपसाला, २३ ऑक्टोबर १९४४

चि. आर्विद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकडचं सरकार उलथलं आणि ज्यूंच्या जिवावर उठलेले गुंड खुर्चीवर बसले, असं रेडिओवर ऐकलं. आता स्टॉकहोमची वाट कसली पाहतोस? सही कर आणि मोकळा हो. मी बाक घासून ठेवलाय, नवी गादी घातलीय. शेजारीण विचारते की कोण यायचंय. मी बहीण येणार म्हणून सांगितलं.

हे पत्र वाचून झालं की ऊठ. माया पुष्कळ आहे, ती पिरोश्का पोचल्यावर मोजून घे.

सिग्नेताई

बुडापेस्ट, १४ नोव्हेंबर १९४४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तेव्हाही मी सही केली नव्हती. पुढचं लिहायची लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाकडून तू ऐकावंस याची जास्त वाटते.

गेल्या आठवड्यात सकाळी त्या घरातली बाई धावत आली. पिरोश्काला शहराबाहेरच्या वीटभट्टीवर नेलं होतं. तिथून बायकांना पायी ऑस्ट्रियाच्या सरहद्दीकडे हाकतात. गाडी दारात होती, गाडीवर आपला झेंडा होता. तरी मी आधी इथल्या परराष्ट्र खात्यात गेलो. यजमान देशाच्या पोलिसांशी वकिलातीने थेट बोलायचं नाही, आधी खात्याला निषेध कळवायचा, ही आमची रीत. सरकारी भेटीला घालायची पट्ट्यापट्ट्यांची विजार घातली, ताई. इस्त्रीची.

तिथे मला बसवून ठेवलं. कॉफी आली. न भेटता उठून गेलो तर अपमान समजतील आणि पुढची सगळी कामं अडतील, असं मी मनाला बजावत राहिलो. आतून हाक येईपर्यंत मी बसलो. ती दुपारी आली. अधिकाऱ्याने निषेध ऐकून घेतला, हवापाण्याचं विचारलं.

भट्टीवर पोचलो तेव्हा तांडा निघून गेला होता. तिथे पोर्तुगालच्या वकिलातीतला तेशेरा भेटला. तो कुणालाही न विचारता सकाळीच घुसला होता, आरडाओरडा करून त्याने गाडीभर माणसं सोडवली. तो म्हणाला की, एक जागा उरली होती, ती त्याने टोपीवाल्या एका बाईला देऊ केली. तिने शेजारच्या म्हातारीला पुढे केलं. म्हणाली की, हिला न्या, मला न्यायला माझा स्वीडनचा भाऊ निघालाय.

ताई, तेव्हा मी कॉफी पीत होतो.

स्टॉकहोमची परवानगी परवा आली. पिरोश्का नात्यात बसते म्हणे.

साहेबांनी मला अडवलं नव्हतं, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आरशापुढे उभं राहून दाढी करवत नाही.

आर्विद

उपसाला, २० नोव्हेंबर १९४४

आर्विद,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

दोन दिवस मी तुला मनातल्या मनात फार वाईट बोलले. मग आठवलं, तू मास्तरांच्या दारी उभा होतास तेव्हा मी समोरच आपल्या घरात होते. खिडकीतून तुला पाहत होते आणि शहाणं पोर म्हणून बाबांजवळ तुझं कौतुक करत होते. बाहेर धावली ती पिरोश्का. तेव्हा मान नुसती तुझीच खाली नाही.

पण रडगाणं पुरे. ती ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्याने जा. कुणाला विचारू नकोस. मलासुद्धा नाही.

सिग्ने

बुडापेस्ट, २८ नोव्हेंबर १९४४

ती. ताईस सा. न. वि. वि.

सरहद्दीपर्यंत जाऊन आलो. न विचारता. रस्त्याच्या कडेला जे पाहिलं ते तुला लिहिणार नाही.

सरहद्दीवर बायका चिखलात बसवल्या होत्या. मी आपल्या भाषेत पिरोश्काच्या नावाने ओरडत रांगेतून फिरलो. लांबून एकीने हात वर केला. मी धावलो, ती दुसरीच होती. मग आणखी एकीने हात वर केला, तीही नव्हे. शिपायाने विचारलं की, यांतली तुमची कोणती? मी म्हणालो, दोघीही. तो हसून म्हणाला की, एकाच नावाच्या दोन? मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या मुलखात खोटं बोललो आणि जोरात बोललो, आमच्याकडे असतात म्हणून. गाडीवरच्या झेंड्याकडे बघून त्याने दोघींना सोडलं.

गाडीत त्यांतल्या एकीने विचारलं की, खरी पिरोश्का तुमची कोण? मी बहीण म्हणालो. ती उतरायला दाराची कडी चाचपू लागली. तिला वाटलं, तिने बहिणीची जागा घेतली. मी तिचा हात धरून ठेवला आणि सांगितलं की, तुम्ही घेतली नाही हो, ती माझ्यामुळे गेली.

आपली पिरोश्का सरहद्दीपलीकडे गेली, की वाटेतच राहिली, हे कुणालाच ठाऊक नाही. उद्या पुन्हा निघतोय. जी हात वर करील तिला घेऊन येईन.

बाक आवरू नकोस. आणि दाराला कडी लावू नकोस, कुणी आलं तर हाकेची वाट बघत बाहेर उभं राहायला नको.

माझ्यावर लोभ ठेव, असं या वेळी लिहीत नाही.

आर्विद