सुनीताच्या नावापुढे

सोम. २० नोव्हें. १९८९
सुट्टी संपून शाळा सुरू. सुनीने दहावीच्या बोर्डाचा कच्चा फॉर्म आणला. नाव इंग्रजीत भरायचं. सुनीतामध्ये आय घालायचा की दोन ई, यावर मायलेकींचं वाजलं. वर्गात चार सुनीता, बाकीच्या तिघी आयवाल्या. हिला वेगळं दिसायचंय. मी म्हटलं, हे आय लिहायचे.
"आई, नाव माझं आहे ना?"
तुझंच. पण ठेवलं यांनी. आत्याने दुसरं सुचवलं होतं तरी. हे जाऊन पाच वर्षं झाली, सांगणार कोणाला.

मंगळ. २१
कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरताना शेजारच्या हमीदाला सांगितलं. ती हसली. "हमारी गली में शबाना पुकारो, छह मुंडियाँ बाहर आती हैं. स्कूल में जो लिखा है वही चलेगा, विमल."
खरंच की. घरी येऊन सुनीकडे प्रगतिपुस्तक मागितलं. म्हणे काकांकडे आहे. काकांकडेच का असतं? तर म्हणे सही तेच करतात ना. मी म्हटलं, उद्या शाळेत जाऊन बघते.
"तू नको येऊस. काका भरतील." रडकुंडीला आली. मला वाटलं, माझ्या साडीला सुताचे तंतू चिकटलेले असतात, त्याची लाज वाटत असेल. तेवढ्यावरून रात्री उशिरापर्यंत डोकं तापलेलं.

बुध. २२
अर्धी ड्युटी बुडवून गेले. क्लार्कने रजिस्टर उघडलं. मी बोट ठेवून वाचते, हळू. सुनीता. पुढे मनोहर.
म्हटलं, ही दुसरी मुलगी, खाली बघा.
"जन्मतारीख बघा बाई." तारीख आमचीच.
"वडिलांचं नाव काय?"
ते नाव मी उखाण्यातच घेतलंय, तेही दोन-तीनदा. आज खिडकीपाशी उभी राहून घेतलं, मागे पाच माणसं. रघुनाथ.
"मग मनोहर कोण?"
"दीर."
त्याने पेनाला टोपण लावलं. "अर्जावर सही तुमचीच आहे." दाखवली. वि म ल. तेव्हा ही तीन अक्षरं चित्रासारखी काढायला शिकले होते, वर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. पाचवीच्या प्रवेशाला भाऊजी म्हणाले, वहिनी, इथे करा. मी केली.
पुड्यांचे कागद, मग पेपर, मग वाचनालयातली जाड पुस्तकं, सगळं वाचलं या पाच वर्षांत. हे एक पान सोडून.

गुरु. २३
शेलार गावात दिराच्या घरी गेले. भाऊजी जेवत होते. "या वहिनी, ताट घ्या."
बसले नाही. उभ्यानेच विचारलं.
म्हणाले, "चांगल्यासाठीच केलं. बिनबापाची पोर म्हणून पोरं चिडवतात. मी आहे ना तिचा बाप."
तुम्ही काका आहात.
"आणि लग्न झालं की नवऱ्याचंच नाव लागणार. चार वर्षांसाठी कशाला तमाशा?"
शाळेसाठी हेच धावले, खरं. यांच्या आजारपणात रात्रीच्या जागरणांना हेच होते, तेही खरं. म्हणून तर जास्त राग येतो. परक्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.
जाऊबाई पाणी घेऊन उभ्या होत्या. घेतलं नाही.

शुक्र. २४
शुक्रवारची सुट्टी, लूम बंद. चाळीत एकाच्या घरचं दुसऱ्याला ऐकू जातं. तरी आवाज चढलाच.
सुनीला माहीत होतं! पाचवीपासून. रोज हजेरीला ऐकते. वहीवर नुसतं सुनीता आणि इयत्ता का लिहायची, ते आज कळलं.
"मला बरं वाटायचं. कोणी विचारायचंच नाही, बाबा कुठे असतात."
थोबाडीत दिली. जन्मात पहिल्यांदा.
मग म्हणाली, "तुला काय, तू रोज त्यांच्या फोटोशी बोलतेस. वर्गात मी काय करू?"
 चहा केला. दोघींनी नाही घेतला.

शनि. २५
पुन्हा शाळा. मुख्याध्यापिका बऱ्या. बदलता येईल म्हणाल्या. मृत्यूचा दाखला हवा, पालक म्हणून भाऊजींचं पत्र हवं. "पण मुलगी मोठी आहे. तिने स्वतः अर्ज लिहायला हवा. तुमच्या सांगण्यावरून नको, मी तिला विचारणार आहे." मुदत सोमवारपर्यंत.
भाऊजींनी पत्र पाठवलं. एक ओळ, वहिनींची इच्छा म्हणून. स्वतः आले नाहीत. त्यांना लागलंय. लागू दे.
आय की ई, ते मी सोडून दिलं. दोन ई लाव, दहा लाव.

रवि. २६
सकाळी सुनी कच्चा फॉर्म घेऊन बसली. पहिल्या चौकटीत दोन ई. दुसरी, वडिलांच्या नावाची, कोरी. 
मग म्हणाली, "आई, बाबा मला काय हाक मारायचे?"
दहा वर्षांची होती गं तू. विसरलीस? ओठावर आलं, पण बोलले नाही. म्हटलं, सुन्या म्हणायचे. मुलगा नाही झाला म्हणून कोणी टोचलं की मुद्दाम त्याच्यासमोर, मोठ्याने.
हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "आणि काकांना वाईट वाटेल ना?"
वाटेल, म्हटलं. खोटं कशाला बोलू.
"उद्या हजेरीला नवीन नाव आलं तर सगळ्या वळून बघतील."
बघतील.
पुढे बोलले असते तर भांडले असते. उठून ओट्यावर आले, हे लिहिते आहे. राग अजून आहे, भाऊजींवर, तिच्यावर, आंधळेपणाने केलेल्या त्या सहीवर. दारातून तिची पाठ दिसते. मान खाली घालून लिहिते आहे. फॉर्म की नाव बदलायचा अर्ज, इथून कळत नाही. जाऊन बघणार नाही. बघावंसं फार वाटतंय.