उंबऱ्यावरच्या खड्याची आणि माझ्या हाडांची व्यवस्था

मी, भुजंग लिंबाजी जोगदंड, राहणार मौजे शेवरवाडी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण नाही असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. प्रत्यक्षात माझ्या उंबऱ्यावर देव बसलेला आहे आणि त्याच्यापायी मला कित्येक वर्षांत शिवेबाहेर एक रात्र काढता आलेली नाही.

१. माझी खरी मिळकत म्हणजे सागवानी पेटी. नेल्लोरकडच्या अभ्रकाच्या खाणीवर मुकादम होतो, तिथे मला खडे जमवायचा नाद लागला. पेटीच्या खणांत फॉस्फेटचे खडे आहेत. फॉस्फेट म्हणजे आपल्या हाडांत असतो तो क्षार. जमिनीच्या पोटात क्वचित त्याचे निळे, हिरवे, मधाच्या रंगाचे खडे धरतात. पेटी माझी विधवा मुलगी मनकर्णा हिला द्यावी. तिला सगळ्यांची नावे पाठ आहेत. मधला मोठा खण रिकामा आहे, त्याचे कारण पुढे येते.

२. त्या खणातला खडा नारळाएवढा, हिरवागार, सहा पैलूंचा आणि अखंड होता. असा दुसरा मी पाहिला नाही. तो घरी आणला त्या दिवशी पत्नी पार्वतीबाई म्हणाली, सवत आली. तिने त्याला नव्या नवरीसारखे उंबऱ्यावर ठेवले, पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळला, कुंकू लावले. दोघेही हसत जेवायला बसलो. तेवढ्यात मेंढरांवाला येडबा दारावरून चालला होता. ओला, कुंकू लावलेला दगड दिसताच तो पालथा पडला आणि शेंदूर आणून थापला. मी हात धुवायला बाहेर आलो, तोवर माझा खडा देव झाला होता. येडबाची आजारी बायको भिवराबाई त्याच आठवड्यात उठून बसली, मग काय विचारता. गावाने ठरवले, दिवा या घरच्यानेच लावायचा आणि दिवा लावणाऱ्याने रात्री शीव ओलांडायची नाही. मी खडा परत मागितला, तर येडबा हात जोडून म्हणाला, "देव चालत दारी आलाय, मालक. आता तुमी कुटं जायलाव?"

३. पार्वतीबाई माहेरी पोखर्णीला गेली आणि तिथेच अंथरुणाला खिळली. मी गाडी जुंपली, तर गाव शिवेवर आडवे झाले. शिव्या देणारे असते तर मी बैल हाकले असते, पण सगळे पाया पडत होते. तिने माझ्यावाचून प्राण सोडला. हे मी कोणालाही माफ केलेले नाही, स्वतःलाही नाही.

४. मनकर्णेला औरंगाबादेच्या मुलींच्या शाळेत शिकवायला बोलावले आहे. पंच म्हणतात, बापामागे दिवा लेकीने लावावा. तीही म्हणते, बाबा, मी राहीन. तिचे मुळीच ऐकू नये. घर, परस, आड आणि उंबऱ्यावरचा देव मी येडबाला देतो. ज्याने शेंदूर लावला त्यानेच दिवा लावावा. हे कलम त्याला वाचून दाखवले तेव्हा तो खांद्यावरचे घोंगडे सावरत उठला. मग म्हणाला, "आन् मेंढरं घेऊन रानोमाळ कोन हिंडंल?" इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा माझे दुखणे कळले. फारच कोंडल्यासारखे झाले तर त्याने गोडे तेल घेऊन शेंदूर पुसून पाहावा. मी पुसला असता तर गावाने मला फाडून खाल्ले असते. त्याचा हात चालेल.

५. अस्थी गंगेत सोडाव्यात. एक हाड मात्र मनकर्णेने मागे ठेवावे, धुऊन कोरडे करावे आणि पेटीतल्या रिकाम्या खणात घालावे. क्षार तोच आहे, संग्रह पुरा होईल. तेरावा झाला की पेटी मांडीवर घेऊन तिने परभणीची वाट धरावी आणि आगगाडीत बसावे. रात्र वाटेत झाली तरी हरकत नाही.

शीव ओलांडताना पेटीचे झाकण थोडे उघडे ठेवावे.

गावातला कोणी सही करीना, म्हणून साक्षीदार बोरीहून बोलावले. ते आज रात्री आपापल्या घरी जातील.

लिहून देणार: भुजंग लिंबाजी जोगदंड
साक्षीदार: दिनकरराव व्यंकटराव, बोरी
बन्सीधर आश्रुबा, बोरी
मुक्काम शेवरवाडी, १२ बहमन, सन १३५५ फसली (इंग्रजी डिसेंबर १९४५)