वधारेचं फोल्डर

सोमवार, २ फेब्रुवारी

नोकरी लागली! पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये कंप्यूटर ऑपरेटर, पंख्याखालची खुर्ची. ओळख अर्थातच ललितदादाची. तो याच मिलमध्ये, खाली रोलरवर असतो. आई-बापाच्या मागे डिंडोलीच्या एका खोलीत त्यानेच मला वाढवलं, शिकवलं. आज सगळ्यांना सांगत सुटला होता, आमची योगिता वरच्या ऑफिसात बसते म्हणून.

कंप्यूटर मात्र बघवत नाही. डेस्कटॉपवर इतकी फोल्डरं की मागचं चित्र दिसत नाही. आधीच्या ऑपरेटरने नुसता उकिरडा केलाय. शेठ म्हणाले, साफ कर, पण काही उडवू नकोस. माझ्या हाताला खाजच सुटली. या रोजनिशीसाठी YOGITA नावाचं माझंही एक फोल्डर केलं. जेवणाच्या सुट्टीत लिहीत जाईन.

बुधवार, ४ फेब्रुवारी

प्रत्येक कामगाराचं एक फोल्डर आहे, त्यात फोटो आणि आधार. तिघांची मात्र दोन-दोन निघाली. निंबा, मगन आणि आमचे बंधुराज! जास्तीची कुठे ठेवावी या विचारात होते, तर कोपऱ्यात VADHER नावाचं फोल्डर दिसलं. वधारे, म्हणजे जास्तीचं. भाजीवालीकडे 'थोडुं वधारे आपो' म्हणतच मी मोठी झाले, एवढं गुजराती येतं मला. आत एकच फोटो होता, दसऱ्याला रोलरपुढे फोडलेल्या नारळाचा. तिघांची जादा फोल्डरं कट करून तिथे पेस्ट केली. आता डेस्कटॉप कसा लख्ख झालाय. शेठही खूश.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल निंबा गेला. रोलरने आधी बाही पकडली, मग हात, मग खांदा. मशीन थांबेपर्यंत डोकंही आत गेलं होतं. दादा शेजारीच उभा होता. घरी येऊन मोरीत बसला आणि शर्ट घासत राहिला, जेवलाच नाही.

आज शेठने निंबाचे कागद मागितले. त्याची दोन्ही फोल्डरं गायब. मी हात लावला नव्हता. वधारेमधला नारळाचा फोटो उघडला. नारळाच्या जागी निंबाचं डोकं आहे. मधोमध दोन भकलं झालेलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

मगन. वाफेचा पाइप तोंडावर फुटला. गालाची कातडी हातात सुटून आली म्हणतात. त्याचीही फोल्डरं नाहीत. फोटोत आता दोन डोकी.

ऑफिस झाडणाऱ्या कलाबाईंना फोटो दाखवला. त्यांना नारळच दिसला. फोल्डरचं नाव विचारलं. मी वधारे म्हटलं, पण त्यांनी एकेक अक्षर लावून वाचायला लावलं आणि केरसुणी टाकूनच दिली. माय वं, हाई काय करं तू! ते वधारे नाही, वधेर. इथली माणसं नारळ फोडतात त्याला वधेरणं म्हणतात. देवीपुढे बोकड कापतात, त्यालाही.

मी नैवेद्य वाढलाय. माझ्या हाताने. आणि तिसरा दादा आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

LALIT वधेरमधून बाहेर निघत नाही. हे फोल्डर दुसरीकडे उघडलेलं आहे, असा मेसेज येतो. कोणी उघडलंय? डिलीट — तेच. कंप्यूटर बंद करून चालू केला — तेच.

दादाच्या पाया पडले, कामावर जाऊ नको म्हणाले. हसला. कंप्यूटरवर बसून येडी झालीस म्हणाला. उद्यापासून तो निंबाच्या रोलरवर.

बुधवार, ११ फेब्रुवारी

एकच उपाय आहे. त्याच नावाचं फोल्डर टाकलं की जुन्याच्या जागी नवं बसतं. माझ्या फोल्डरला, माझ्या फोटोसकट, या रोजनिशीसकट, LALIT नाव दिलं. कट. खूप भीती वाटते. पण त्याने मला वाढवलं —

पेस्ट.

चौकट आली. घाईत वाचलंच नाही. हो दाबलं.

उघडून पाहिलं. माझा फोटो आहे. दादाचाही आहे. ती चौकट विचारत होती, दोन्ही एकत्र करू का —

मी हो म्हटलं —

फोटोतला रोलर फिरतोय. फोटो कसा फिरेल —

खाली किंकाळी. दादाची. योगे, पय! पय! पळ म्हणतोय —

आता गप्प.

जिन्यावर काहीतरी ओलं ओढत आणतंय. दाराखालून लाल —

माझी ओढणी टेबलाखाली कोणीतरी ओढ